माझ्या नावाने उघडलेली फाईल

सायखेड्याला गोदावरीच्या काठी दर गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास हजारभर माणसं जमायची. निफाडकडून ट्रॅक्टर भरून यायचे, नाशिकहून लोक एसटीने यायचे, सटाण्याहून एक टेम्पो दिवस उजाडायच्या आत निघायचा. पत्र्याची मोठी शेड होती. खाली सतरंज्या, समोर चौरंग, चौरंगावर तांब्याचं घंगाळ, घंगाळात नदीचं पाणी आणि त्या पाण्याकडे एकटक बघत बसलेले जलदर्शी महाराज.

१६ मार्च २००६ च्या गुरुवारी मी आणि माझी बायको ललिता त्या सतरंजीवर बसलो होतो. आमचा नंबर एकविसावा होता.

महाराजांचं बोलणं ठरलेलं असायचं. मी डॉक्टर नाही, वैद्य नाही, मी फक्त पाण्यावरची धूळ बाजूला करणारा, पाणी बोलतं आणि मी ऐकतो, असं ते दर अर्ध्या तासाने सांगायचे. मग एकेक नंबर पुढे जायचा. समोरच्या माणसाने तोंड उघडायचं नाही, हा नियम. महाराज पाण्यात बोट फिरवायचे, डोळे बारीक करायचे आणि बोलायचे. आमच्या पुढे सटाण्याचा एक कांद्याचा व्यापारी होता. त्याला ते म्हणाले, "पित्ताशयात खडा आहे. आठ मिलिमीटर. मागच्या महिन्यात पोटावर यंत्र फिरवलंस." तो माणूस मटकन खाली बसला आणि त्याने कपाळ जमिनीला टेकवलं. शेडमधून मोठा सुस्कारा उमटला. पाण्याला मिलिमीटर कधीपासून कळायला लागले, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. मी तो मनातच ठेवला.

सगळ्यांच्या वाट्याला असं बोलणं यायचं नाही. काहींना महाराज म्हणायचे, "पाणी गढूळ आहे. तुझ्यावर सावट आहे. पुढच्या गुरुवारी ये." गढूळ पाणी निघालेली माणसं मान खाली घालून परत जायची. चूक आपलीच असेल असं त्यांना वाटायचं. महाराजांना कुणी जाब विचारलेला मी पाहिला नाही.

आमचा नंबर आला. महाराजांनी पाण्यात बोट फिरवलं. "ललिता," ते म्हणाले. "डावीकडे गाठ आहे. अडीच सेंटीमीटर. सत्तावीस फेब्रुवारीला सुई टोचून मांस काढलं. लोखंड लागलं म्हणून गाठ चिडली आहे. पाच महिने अंगाला लोखंड लागू देऊ नकोस."

ललिताने माझा हात इतका घट्ट धरला की तिची बांगडी माझ्या मनगटात रुतली.

परतीच्या एसटीत आम्हाला खिडकीशेजारी जागा मिळाली. चांदोरी मागे पडल्यावर तिने विचारलं, "अहो, तुम्ही कुणाला सांगितलं होतं का?"

"नाही. तुझी शपथ."

"आशाला?" आशा तिची धाकटी बहीण.

"नाही."

"दत्तूभाऊजींना?"

"त्यालाही नाही. तुला अशक्तपणा आहे, तपासण्या चालू आहेत, एवढंच सांगितलंय."

"मग त्यांना कसं कळलं?"

मी खोटं बोललो नव्हतो, हे तिला माहीत होतं. सत्तावीस तारखेची गोष्ट तिला, मला आणि डॉक्टरांना माहीत होती. डॉक्टर सायखेड्याला जाऊन महाराजांच्या कानात सांगणार नाहीत. मग उरलं काय? उरलं पाणी. ललिता नववीपर्यंत शिकलेली, हिशोबी डोक्याची बाई. उपासतापास करायची, पण कधी कुणा बाबाच्या नादी लागली नव्हती. तिने सगळ्या शक्यता तपासल्या आणि त्यातली प्रत्येक मी माझ्या शपथेने खोडली. म्हणून तिने विश्वास ठेवला.

एकवीस मार्चला तिचं ऑपरेशन ठरलं होतं. आम्ही गेलो नाही.

पाच महिने ती घंगाळातलं पाणी बाटलीत भरून आणून पीत होती. घरातली विळी तिने बंद केली, भाजी शेजारच्या रंगूबाई चिरून द्यायच्या. ऑगस्टमध्ये तिची पाठ दुखायला लागली. मी तिला जवळजवळ उचलून रुग्णालयात नेलं. आमच्या मोठ्या डॉक्टर, देवरे मॅडम, यांनी एक्स-रे उजेडात धरून मला पाठीचं हाड दाखवलं. गाठ हाडात गेली होती. ३ मार्च २००७ ला ललिता गेली. तिरडीला पुढून खांदा माझा आणि माझ्याशेजारी दत्तूचा होता.

आता दत्तू कोण ते सांगतो.

मी नाशिकच्या एका धर्मादाय रुग्णालयात रेकॉर्ड रूममध्ये सत्तावीस वर्षं कारकून होतो. पेशंटचे कागद नीट लावणं, मागितले की काढून देणं, हे काम. दत्तू माझ्या समोरच्या टेबलावर बसायचा. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मला भाऊ म्हणायचा, ललिताला वहिनी. दिवाळीचा पहिला फराळ आमच्याकडून त्याच्या घरी जायचा आणि ललिता आजारी पडल्यावर त्याच्या घरून आमच्याकडे डबा यायचा. महाराजांचं नाव आमच्या घरात पहिल्यांदा त्यानेच घेतलं. "वहिनींना एकदा घेऊन जा भाऊ," तो म्हणाला होता. "नुकसान काय आहे?"

२००५ साली रुग्णालयात कॉम्प्युटर आले. कागदांऐवजी सगळे रिपोर्ट इंटरनेटवरच्या एका प्रोग्रॅममध्ये जाऊ लागले. कारण आमचे डॉक्टर आठवड्यातून एकदा सटाण्याला आणि निफाडला तपासायला जायचे, त्यांना तिथे बसून रिपोर्ट दिसायला हवेत. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचं नाव आणि पासवर्ड मिळाला. ते टाकलं की प्रोग्रॅम उघडायचा. त्याला आम्ही लॉगिन करणं म्हणायला शिकलो.

त्याच वेळी व्यवस्थापनाने हजेरीचं मस्टर बंद केलं. कॉम्प्युटरला कळतंच की कोण किती वाजता लॉगिन झालं, मग सह्या कशाला, असं त्यांचं म्हणणं. साडेनऊच्या आत लॉगिन झालं नाही तर अर्धा दिवस कापला जायचा. या एका नियमाने काय झालं ते ऐका. पूर्वी कुणाला उशीर होणार असला की तो शेजाऱ्याला सांगायचा, माझी सही करून टाक. आता तो फोन करून सांगू लागला, माझं लॉगिन करून टाक. त्यासाठी शेजाऱ्याला पासवर्ड द्यावा लागतो. महिनाभरात जवळजवळ सगळ्यांकडे एकमेकांचे पासवर्ड झाले. आम्ही त्याला माणुसकी समजत होतो. पासवर्ड न देणारा माणूस खडूस ठरायचा.

ललिताच्या तपासण्या सुरू झाल्या तेव्हा मी माझा पासवर्ड दत्तूला दिला. ललिताचं नाव आणि आमच्या लग्नाचं साल, असा तो होता. दत्तू हसून म्हणाला होता, "भाऊ, हा तर मी न सांगताही ओळखला असता."

जून २००७ मध्ये मी निवृत्त झालो. शाल दिली, नारळ दिला, कपाटाची किल्ली सही घेऊन जमा करून घेतली. माझी खुर्ची दुसऱ्याला दिली. लॉगिनचा विषय कुणी काढला नाही, मीही काढला नाही. लॉगिन हीसुद्धा एक किल्लीच आहे, हे आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात आशाच्या छातीत गाठ निघाली. ती सायखेड्यातच दिली होती, घरी द्राक्षाची बाग. देवरे मॅडमनी तपासलं. गाठ लहान आहे, बावीस जानेवारीला ऑपरेशन करू, तुमची ताई उशिरा आली तसं तुम्ही करू नका, असं त्यांनी तिला बजावलं. आशाने होकार दिला.

अकरा जानेवारी २००८, शुक्रवार. मी सकाळीच सायखेड्याला गेलो, रजेचं आणि डब्याचं कसं करायचं ते ठरवायला. आशा ओट्यावर द्राक्षं निवडत बसली होती. मला बघून तिने मान फिरवली.

"दाजी, म्या नाय करणार आपरेशन."

मी तिच्यासमोर बसलो. मग तिने सांगितलं. आदल्या दिवशी ती घंगाळापुढे जाऊन आली होती. महाराजांनी सगळं बरोबर सांगितलं. कोणत्या बाजूला, केवढी, कोणत्या तारखेला तपासली. मी म्हणालो, तुझ्या ताईलाही असंच सांगितलं होतं. ती म्हणाली, ताईने आधी सुई टोचून घेतली होती, लोखंड लागलं होतं, माझं अजून काही बिघडलेलं नाही. माणूस स्वतःला कसं समजावतो ते मी तिच्या तोंडाकडे बघत ऐकत होतो.

"आणि लय खरं बोलत्यात दाजी," ती म्हणाली, आणि एवढ्या काळजीतही जरा लाजली. "म्हणले, चौतीस वर्साच्या देहाला एवढा ताप कशाला."

आशा त्रेचाळीस वर्षांची आहे. मी तिला तिचा केसपेपर मागितला. तो कपाटात, लुगड्यांच्या घडीखाली होता. आणल्यापासून कुणाला दाखवला नव्हता. आमच्या रुग्णालयाचा तो पिवळा कागद मी उघडला. वरच्या ओळीत वय छापलं होतं, ३४.

सत्तावीस वर्षं मी असे कागद हाताळले आहेत. घाईत टाइप करणारा त्रेचाळीसचं चौतीस करतो. रोज दोन-चार वेळा होतं. ती बोटांची चूक असते. पाण्यात बघून ज्याला गाठीची तारीख दिसते, त्याला समोर बसलेल्या बाईचं वय दिसत नाही आणि टाइप करणाऱ्याची चूक मात्र जशीच्या तशी दिसते, हे कसं?

मी विचारलं, नंबर कसा लावलास? तिने सांगितलं, फोन करावा लागतो, सोमवारपर्यंत. नाव, गाव आणि सध्या कुठे दाखवताय ते विचारतात. कुठे दाखवताय ते कशाला? तर म्हणे, कुठली हवा लागलीय ते पाण्याला कळावं म्हणून.

मला त्या शेडमधली माणसं आठवली. सटाण्याच्या व्यापाऱ्याच्या खिशातून पिवळा कागद डोकावत होता. ज्यांचं पाणी स्वच्छ निघायचं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात मी तो पिवळा कागद पाहिला होता. माझ्याच रुग्णालयाचा म्हणून तो मला कधी खटकला नाही.

त्याच दुपारी मी रुग्णालयात गेलो. प्रोग्रॅमची देखभाल करणारी आरोही नावाची मुलगी दर शुक्रवारी यायची. लिफ्टशेजारच्या छोट्या खोलीत बसायची. मी निवृत्त होण्याआधीपासून मला ओळखत होती. मी तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, आशाची फाईल कुणीकुणी उघडली ते कळतं का?

"कळतं ना काका. कोणी, किती वाजता, कुठली फाईल, सगळी नोंद असते. आजपर्यंत कुणी मागितली नाही एवढंच."

तिने दोन-चार बटणं दाबली. पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत पडद्याकडे. तिचा आवाज बदलला.

"काका, नऊ तारखेला बुधवारी फाईल उघडली आहे. बाहेरच्या कॉम्प्युटरवरून. तुमच्या नावाने."

निवृत्त होऊन मला सात महिने झाले होते. माझ्या घरी कॉम्प्युटर नाही.

मी खुर्चीत बसलो. पाणी प्यायलो. मग तिला ललिताची फाईल बघायला सांगितलं. तिने आढेवेढे घेतले, पण मी हटलो नाही. चौदा मार्च २००६, सकाळी अकरा वीस. रेकॉर्ड रूममधला कॉम्प्युटर. नाव सावळीराम, म्हणजे माझंच.

चौदा मार्चला मी रेकॉर्ड रूममध्ये नव्हतो. नाशिकमधल्याच कॅनडा कॉर्नरच्या स्कॅन सेंटरमध्ये ललिताशेजारी बाकावर बसलो होतो. नऊ वाजता मी दत्तूला फोन करून म्हणालो होतो, माझं लॉगिन करून टाक. तो म्हणाला होता, "तुम्ही वहिनींकडे बघा, भाऊ. इकडचं मी बघतो."

आरोही पडदा खाली खाली सरकवत होती. दोन वर्षांत माझ्या नावाने सहाशेच्या वर फाइली उघडल्या गेल्या होत्या. जवळजवळ सगळ्या मंगळवारी किंवा बुधवारी. मी तिला विचारलं, पण रेकॉर्डच्या कारकुनाला बायकांच्या विभागाचे तपासणी अहवाल दिसतातच कशाला? माझं काम फाईल नंबर लावण्याचं. ती म्हणाली की सुरुवातीला तिने तसंच बांधलं होतं, ज्याला जे काम, त्याला तेवढंच दिसेल. दोन आठवड्यांत तक्रारी आल्या. हे उघडत नाही, ते उघडत नाही. मग व्यवस्थापनाने सांगितलं, सगळ्यांना सगळं खुलं करा, इथे सगळी आपलीच माणसं आहेत.

"मी लिहून दिलं होतं काका, की हे चुकीचं आहे. मग गप्प बसले."

मी तिला दोष देऊ शकत नव्हतो. मीही मिलिमीटरची शंका मनात ठेवून एसटीत गप्पच बसलो होतो.

ती माझं लॉगिन तिथल्या तिथे बंद करायला निघाली. मी म्हणालो, बंद केलंस तर तो दुसऱ्या कुणाच्या पासवर्डने आत शिरेल, आणि आशाला मी काहीही सांगितलं तरी ती म्हणेल, दाजींना दुःखाने वेड लागलंय. तिला तिच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. आम्ही देवरे मॅडमकडे गेलो. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, करा, पण एकाही खऱ्या पेशंटचा कागद आता त्याच्या नजरेला पडता कामा नये.

यावर आरोहीने युक्ती काढली. रेकॉर्ड रूममधल्या सगळ्यांचे हक्क तिने एका आठवड्यासाठी आवळले. नेमून दिलेल्या कामापुरतं दिसेल, बाकी नाही. आणि माझ्या लॉगिनला जगातली एकच फाईल दिसेल असं केलं. ती फाईल खोटी होती. नाव सहादू, गाव एकलहरे, वय एकसष्ट. मधुमेह. २००१ साली डाव्या पायाची करंगळी कापून काढली.

सहादू मात्र खरा होता. माझा शाळासोबती, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला. आमच्या रुग्णालयाची पायरी कधी चढला नव्हता, तिकडच्या दवाखान्यातच जायचा. त्याला मी योजना सांगितली तेव्हा त्याने आधी आपल्या डाव्या पायाकडे प्रेमाने पाहिलं.

"साठ वर्सं झिजतंय बिचारं," तो म्हणाला. "पहिल्यांदाच नाव निघतंय त्याचं."

सोमवारी त्याने फोन करून नंबर लावला आणि आमच्या रुग्णालयात दाखवतोय असं सांगितलं. सतरा तारखेच्या गुरुवारी आम्ही सायखेड्याला गेलो. मी आशाला आणि तिच्या सासूबाई बायडाबाईंना घेऊन मागे भिंतीला टेकून बसलो. आशा यायला तयार नव्हती. मी तिला एवढंच म्हणालो, ताईसाठी एकदा चल, नंतर तुझ्या मनाप्रमाणे कर. तिचा केसपेपर माझ्या पिशवीत होता.

दत्तू कामावर रजा टाकून तिथे होता. मी ते आधी कधी पाहिलं नव्हतं, कारण ललिता आणि मी आलो होतो तेव्हा तो पडद्यामागे होता. आता बढती मिळाली होती. पांढरा झब्बा, गळ्यात उपरणं. घंगाळ भरून आणणं त्याच्याकडे होतं. बायका त्याच्या पाया पडत होत्या. मी भिंतीच्या सावलीत होतो, त्याने मला पाहिलं नाही.

त्या दिवशी महाराजांचं पाणी फार गढूळ होतं. पहिला नंबर, गढूळ. दुसरा, गढूळ. पाचवा, गढूळ. सातव्या नंबरला पाणी बदललं. तरी गढूळ. लोक कुजबुजू लागले. महाराजांनी दोन वेळा दत्तूकडे पाहिलं. दत्तूने खांदे उडवले. नंतर कळलं, बुधवारी त्याने एकूण एक नाव टाकून पाहिलं होतं आणि एकच फाईल उघडली होती. नेट मंद असेल असं त्याला वाटलं.

नववा नंबर सहादूचा. जानेवारीची थंडी, सहादूच्या डोक्याला मफलर, पायात तपकिरी मोजे. चपला बाहेर काढायच्या, मोज्यांना कुणी हरकत घेत नाही. महाराजांच्या चेहऱ्यावर एकदम तेज आलं. त्यांनी बोट फिरवलं.

"सहादू. एकलहरे. रक्तात साखर आहे. त्या साखरेने तुझा घास घेतला, बाळा. दोन हजार एक साली डाव्या पायाची करंगळी गेली. खरं की नाही?"

शेडमध्ये तोच सुस्कारा उमटला. आशाने माझ्याकडे पाहिलं. बघा, असं तिच्या डोळ्यांत होतं.

सहादू खाली बसला. सावकाश मोजा काढला, झटकला, घडी करून खिशात ठेवला. मग पाय चौरंगाच्या कडेला टेकवला आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार, पाच.

महाराज सावरले. हे सूक्ष्म देहाचं दर्शन आहे, ते म्हणाले, बोट जाण्याचा योग आहे, पाण्याने आधीच इशारा दिला.

"म्हाराज, दोन हजार एकला गेलंय म्हणलात," सहादू म्हणाला. "मंग सात वर्सं म्या कुनाचं बोट वागवतोय? त्याला परत द्यावं लागंल."

मागून कुणीतरी हसलं. मग पाच-दहा जण हसले. त्या शेडमधलं ते पहिलं हसू असेल.

मी उठून पुढे गेलो. मला भाषण येत नाही. मी खोट्या फाईलचा छापलेला कागद काढला आणि वाचला. रक्तात साखर, २००१, डाव्या पायाची करंगळी. मग सांगितलं की हा कागद आम्ही गेल्या शुक्रवारी तयार केला आणि तो एका पासवर्डमागे ठेवला, आणि तो पासवर्ड एका माणसाकडे आहे. पाण्यात काही दिसत नाही. तुम्ही सोमवारी फोनवर नाव सांगता, बुधवारी कुणीतरी तुमची फाईल उघडतो, गुरुवारी ती तुम्हाला वाचून दाखवली जाते. ज्यांची फाईल मिळत नाही, त्यांचं पाणी गढूळ. आज आम्ही सगळ्या फाइलींना कुलूप लावलं म्हणून सगळ्यांचं पाणी गढूळ आहे.

मग मी आशाचा पिवळा कागद तिच्या हातात दिला आणि वरची ओळ दाखवली.

तिने ती दोनदा वाचली. "चौतीस," ती म्हणाली. मग कागदाची घडी घालत हळूच विचारलं, "मंग ताईचं बी असंच?"

मी होय म्हणून मान हलवली.

दत्तू घंगाळाशेजारी उभा होता. तो पळाला नाही, तसा धीट आहे. महाराज मागच्या दाराने गाडीत बसले तरी तो तिथेच होता. मी त्याला फक्त एकच विचारलं, माझं नाव कशाला वापरलंस. तो म्हणाला, स्वतःच्या नावाने कसं करणार, भाऊ. मग तो बोलत राहिला. रुग्णालयात वीस वर्षं कुणी त्याला उठून नमस्कार केला नव्हता, इथे म्हाताऱ्या बायका पाया पडायच्या. महाराजांकडे खरी शक्ती आहे, फक्त लोकांचा विश्वास बसायला थोडी मदत लागते, असं त्याला सांगितलं होतं आणि ते त्याला पटलं होतं. वहिनी घाबरल्या होत्या, त्यांना धीर यावा म्हणून त्याने केलं. त्या ऑपरेशन सोडतील असं त्याला वाटलं नव्हतं.

"पाच महिने तुझ्या घरून डबा येत होता दत्तू," मी म्हणालो. "त्यातल्या एका दिवशी तरी सांगायचं होतं."

त्याने गळ्यातलं उपरणं काढून हातात घेतलं. मग म्हणाला, "भाऊ, पासवर्ड तुम्हीच दिला होता."

हे त्याचं वाक्य मी अजून पचवू शकलेलो नाही. कारण ते खरं आहे.

देवरे मॅडमनी पोलिसांत तक्रार दिली. खटला चालू आहे. महाराज दुसऱ्या जिल्ह्यात आहेत असं ऐकतो, तिथेही नदी असेलच. आशाचं ऑपरेशन बावीस तारखेलाच झालं. आज तिला तीन वर्षं झाली आहेत. द्राक्षाच्या छाटणीला ती स्वतः बागेत उभी असते, हातात लोखंडी कात्री घेऊन.

रुग्णालयाने हजेरी पुन्हा मस्टरवर घेतली. लॉगिनचा आणि हजेरीचा संबंध तोडला. आता ज्याला जेवढं काम तेवढंच दिसतं, आणि माणूस निवृत्त झाला की शाल देण्याआधी त्याचं लॉगिन बंद होतं. माझं बंद करताना आरोहीने मला बोलावलं होतं. शेवटचं एकदा पासवर्ड टाका काका, म्हणाली. मी टाकला. ललिताचं नाव, लग्नाचं साल. मग तिने बटण दाबलं.

हे मी लिहितोय ते बाबा-महाराजांना मानणाऱ्यांना हिणवण्यासाठी नाही. ललिता मूर्ख नव्हती, आशाही नाही. कुणी तुमच्या मनातलं, घरातलं, अंगातलं बरोबर सांगितलं तर लगेच हात जोडू नका. हे आणखी कुणाला माहीत होतं, कुठे लिहून ठेवलं होतं आणि ते कपाट कुणाला उघडता येतं, एवढं आधी विचारा. जिथे लिहिलेलं असतं तिथून ते वाचता येतं, त्याला सिद्धी लागत नाही. आणि तुमच्याकडे कुणाच्या कागदांची किल्ली असेल, तर ती सख्ख्या भावालाही देऊ नका. ती तुमची नसते, त्या कागदातल्या माणसाची असते.

त्या दिवशी एसटीत ललिताने नेमका हाच प्रश्न मला विचारला होता. तुम्ही कुणाला सांगितलं होतं का? मी तोंडाने सांगितलं नव्हतं, म्हणून शपथ घेऊन नाही म्हणालो. तिच्या तपासण्या सुरू झाल्या तेव्हाच मी कुणाला काय देऊन बसलो होतो, हे मला आठवायला हवं होतं. तिने प्रश्न बरोबर विचारला होता. उत्तर मी चुकीचं दिलं.